नूतनीकरण झालेला फ्रेंच मान्वार आणि त्याची पाहुणघरे: खरेदीआधी काय, कधी आणि कसे तपासावे

“पंधराव्या शतकातील मान्वार, संपूर्ण नूतनीकरण केलेला, तीन स्वतंत्र पाहुणघरांसह, चार हेक्टर जमीन, पॅरिसपासून दोन तासांवर.” फ्रान्समधील मालमत्तांच्या जाहिराती चाळणाऱ्या कोणालाही अशा ओळी वरचेवर दिसतात, आणि लंडन, पॅरिस किंवा पुण्यात बसून त्या वाचणारे मराठी वाचक आता बरेच आहेत. या ओळीतील प्रत्येक शब्दाची किंमत मोजावी लागते, पण सर्वांत महाग शब्द “नूतनीकरण” हाच असतो. मोडकळीला आलेले घर आपली दुखणी उघडी टाकून बसलेले असते, तर नुकतेच रंगरंगोटी केलेले घर ती भिंतीआड ठेवते. असे घर घेताना आपण दगड आणि लाकूड तर विकत घेतोच, शिवाय आधीच्या मालकाने केलेल्या, करवून घेतलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या दुरुस्त्याही विकत घेतो. म्हणून या लेखात घराच्या सौंदर्यापेक्षा त्या दुरुस्त्या तपासण्याच्या क्रमावर भर दिला आहे. उदाहरणासाठी पेर्श हा प्रदेश घेतला आहे, कारण ओळखीच्या दोन कुटुंबांसाठी दुभाषा म्हणून तिकडची घरे पाहत मी बऱ्यापैकी फिरलो आहे.

मान्वार कशाला म्हणतात, आणि पेर्शच का

मान्वार म्हणजे लहान सरदाराचे किंवा जमीनदाराचे निवासस्थान. शातो हे त्याहून मोठे आणि अधिक अधिकार असलेल्या सरंजामदाराचे घर. विक्रीच्या जाहिरातीत मात्र एकोणिसाव्या शतकातील सधन शेतकऱ्याच्या किंवा वकिलाच्या दुमजली घरालाही सर्रास मान्वार म्हटले जाते. त्याला खरे नाव “मेझाँ द मेत्र” असे आहे. हा केवळ शब्दांचा वाद नाही, कारण भिंतीची रचना, छताचा सांगाडा आणि संरक्षणाचे नियम या दोन प्रकारांत वेगवेगळे असू शकतात.

पेर्श हा पॅरिसच्या पश्चिमेचा, जंगलांचा आणि कुंपणवजा झुडपांच्या रांगांनी विभागलेल्या कुरणांचा प्रदेश आहे. अंगापिंडाने भक्कम पेर्शराँ घोडे येथलेच. शंभर वर्षांच्या युद्धात हा भाग उद्ध्वस्त झाला, आणि 1453 मध्ये ते युद्ध संपल्यानंतरच्या शतकभरात स्थानिक सरदारांनी आपली घरे नव्याने बांधली. जिन्याचा मनोरा, उतरत्या छपरावरची चपटी कौले आणि वाळूच्या रंगाचा चुन्याचा गिलावा ही त्या घरांची ओळख. नोसे गावाजवळचा कुर्बोआये मान्वार हा त्याचा उत्तम नमुना असून 1998 मध्ये स्थापन झालेल्या पेर्श प्रादेशिक निसर्ग उद्यानाचे कार्यालय तेथेच आहे. घर विकत घेण्याचा विचार असेल तर आधी ही वास्तू निवांतपणे पाहावी. अस्सल प्रमाण एकदा डोळ्यात बसले की बनावट मनोरे आपोआप ओळखू येतात.

या प्रदेशाचा व्यावहारिक फायदाही आहे. नोजां-ल-रोत्रू हे स्थानक पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकापासून साधारण दीड-पावणेदोन तासांवर असल्यामुळे शनिवार-रविवारचा पाहुणा मिळतो. सतराव्या शतकात येथील अनेक कुटुंबे कॅनडातील क्वेबेकला स्थलांतरित झाली. त्यांचे वंशज पूर्वजांची गावे शोधत तूरूव्ह्र, मोर्तान्य या भागात येतात, हा दुसरा आणि कमी बोलला जाणारा पाहुणेवर्ग. एक गोष्ट मात्र नकाशावर आधीच पाहून ठेवावी: हे उद्यान ऑर्न आणि ऑर-ए-ल्वार अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले असून ते दोन वेगळ्या प्रांतांत मोडतात. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरच्या घरांची ऐतिहासिक वास्तू-संरक्षणाची फाइल एकाची ऑर्नमधील आलाँसोंला, तर दुसऱ्याची ऑर-ए-ल्वारमधील शार्त्रला जाते.

जाहिरात वाचताना

किमतीच्या खाली दलालीची ओळ असते. दलाली खरेदीदाराच्या माथी आहे की विक्रेत्याच्या, हे तेथे लिहिणे बंधनकारक आहे, आणि त्याचा हिशेबावर परिणाम होतो. दलाली खरेदीदाराकडे असेल तर हस्तांतरण कर फक्त निव्वळ किमतीवर लागतो. जुन्या घराच्या खरेदीत “नोतेरचा खर्च” (नोतेर म्हणजे मालकी हस्तांतरित करणारा सरकारनियुक्त कायदेतज्ज्ञ) या नावाने ओळखली जाणारी एकूण रक्कम किमतीच्या सुमारे 7 ते 8 टक्के येते, परंतु तिचा मोठा भाग नोतेरच्या खिशात न जाता कर म्हणून सरकारकडे जातो. 1 एप्रिल 2025 पासून जिल्ह्यांना या करातील आपला वाटा 4.5 वरून 5 टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली असून बहुतेक जिल्ह्यांनी ती वापरली आहे. समजा, घर 9 लाख यूरोंचे आहे, तर 63 ते 72 हजार यूरो वेगळे बाजूला ठेवावेत. पाहुणघरांतील पलंग, कपाटे, स्वयंपाकघरातील उपकरणे विक्रीत समाविष्ट असतील तर त्यांची वस्तुवार यादी आणि रास्त किंमत करारात वेगळी नोंदवता येते आणि तेवढ्या रकमेवर हस्तांतरण कर लागत नाही. यादी खरी असली पाहिजे. चार जुन्या खुर्च्यांना वीस हजार लावले तर करखाते विचारणारच.

फोटोंबाबत एवढेच सांगतो की, ज्या खोलीचा फोटो नाही ती खोली पाहायला आपण जात आहोत असे समजावे.

पाहणी: पहिली भेट जून महिन्यात नको

शक्य असेल तर पहिली भेट नोव्हेंबर ते मार्च या काळात, पावसाच्या दिवशी ठरवावी. जूनमध्ये गुलाब फुललेले असतात आणि भिंती कोरड्या असतात, त्यामुळे खरेदीदार निम्मा तेथेच विरघळतो. पावसात मात्र पन्हाळी कुठे गळते, अंगणातील पाणी घराकडे वळते की घरापासून दूर, आणि तळमजल्यावर जमिनीलगत ओल किती उंचीपर्यंत चढते, हे अर्ध्या तासात कळते.

पेर्शमधील जुन्या भिंती चुनखडीच्या आणि चकमकीच्या ओबडधोबड दगडांच्या, चुन्याच्या दर्जेत रचलेल्या, दोन-अडीच फूट जाड असतात. जमिनीतली ओल अशी भिंत शोषते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर सोडते. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्यात का टिकल्या आणि सिमेंटच्या डागडुजीनंतर का फुगू लागल्या, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक समजावून सांगावे लागणार नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्येही अशा हजारो भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला आणि ओल आत कोंडली गेली. म्हणून बाहेरील सांध्यांवर किल्लीचे टोक हलके फिरवून पाहावे. चुना असेल तर थोडी भुकटी पडते, सिमेंट असेल तर टोक खरखरत घसरते आणि करडी रेघही नीट उमटत नाही. आतून बोटाच्या पेराने भिंत वाजवावी. पोकळ आवाज आला तर दगडी भिंतीपुढे जिप्सम फळ्यांचे अस्तर उभे केलेले आहे, आणि त्यामागे काचलोकर भरलेली असण्याची शक्यता मोठी. असे अस्तर म्हणजे दोष असेलच असे नाही, पण त्यामागे काय आहे हे विक्रेत्याने कागदावर दाखवले पाहिजे. भिंतीतील कपाटाचे दार उघडून आतला वास घेणे ही तपासणी कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

त्यानंतर पोटमाळा. टॉर्च आणि एक टोकदार स्क्रू-ड्रायव्हर सोबत ठेवावा, आणि ओकच्या तुळया जेथे भिंतीत शिरतात तेथे टोचून पाहावे, कारण कुजण्याची सुरुवात बहुधा त्याच टोकापासून होते. लाकूड पोखरणारे भुंगेरे जुन्या ओकच्या बाहेरच्या मऊ थरात छिद्रे करतात. छिद्रे जुनी असतील तर ती काळवंडलेली असतात, ताजी असतील तर खाली पिठासारखा भुसा दिसतो. याहून गंभीर म्हणजे मेऱ्युल ही बुरशी. ओलसर, हवा न खेळणाऱ्या जागी ती वाढते, लाकडाचे चौकोनी तुकडे पाडते आणि दगडी भिंतीतूनही पसरते. नॉर्मंडी आणि ब्रिटनीत ती विशेष आढळते. पापुद्र्यासारखा पांढरा-तांबूस थर किंवा गंजासारखी भुकटी दिसली तर त्याच दिवशी निर्णय घेऊ नये, स्वतंत्र तज्ज्ञाला बोलवावे.

छप्पर हा स्वतंत्र विषय आहे. पेर्शची पारंपरिक चपटी कौले लहान असतात आणि एका चौरस मीटरला साधारण 60 ते 80 लागतात, मंगलोरी कौलांपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे मजुरी आणि लाकडावरचा भार दोन्ही वाढतात. मी दुभाषा म्हणून गेलो होतो त्या एका घरात मालकाने “छप्पर संपूर्ण नवे” असे दोनदा सांगितले होते. बिल मागवल्यावर त्यावर लिहिलेले चौरस मीटर आणि आम्ही पावलांनी मोजलेले क्षेत्रफळ जुळेना. नवे छप्पर फक्त रस्त्याकडील उतारावर होते. मागचा उतार सफरचंदांच्या बागेकडे, फोटोत न येणारा, आणि तेथील कौले शेवाळाने काळी पडलेली. मालक खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही, त्याच्या दृष्टीने “छप्पर” म्हणजे तेवढेच असावे. पण त्या एका बिलामुळे किंमत बरीच खाली आली.

नूतनीकरणाची फाइल

पाहणीनंतर घर आवडले तर भाव बोलण्याआधी ही फाइल मागावी. तिच्यात तीन प्रकारचे कागद असले पाहिजेत.

पहिला प्रकार परवानग्यांचा. गोठ्याचे किंवा धान्यकोठाराचे पाहुणघर करताना, नवी खिडकी फोडताना, पोहण्याचा तलाव खोदताना नगरपालिकेकडून, म्हणजे “मेरी”कडून, पूर्वघोषणेची मंजुरी किंवा बांधकाम परवाना लागतो. मंजुरीचा कागद, तिच्यासोबतचे नकाशे आणि काम पूर्ण झाल्याचे घोषणापत्र या तिन्ही गोष्टी एकमेकांशी आणि प्रत्यक्ष बांधकामाशी ताडून पाहाव्यात. मेरीत जाऊन गावाचा आराखडा आणि जमीन-नोंदीचा नकाशाही मागावा. एखादे पाहुणघर शासनाच्या लेखी अजून गोठाच असेल, तर ते भाड्याने देण्याचा आणि त्याचा विमा उतरवण्याचा, असे दोन्ही प्रश्न नव्या मालकाच्या गळ्यात पडतात.

दुसरा प्रकार बिलांचा आणि विम्याचा. फ्रान्समध्ये 4 जानेवारी 1978 च्या कायद्यानुसार बांधकाम करणारा व्यावसायिक आपल्या कामातील गंभीर दोषांसाठी, म्हणजे इमारतीच्या मजबुतीला बाधा आणणाऱ्या किंवा ती वापरास अयोग्य करणाऱ्या दोषांसाठी, काम स्वीकारल्यापासून 10 वर्षे जबाबदार असतो, आणि त्याने तसा विमा उतरवलेला असणे सक्तीचे आहे. ही हमी घरासोबत नव्या मालकाकडे येते. त्यामुळे प्रत्येक मोठ्या बिलाला कंत्राटदाराचे विमापत्र जोडलेले हवे, त्यावरील वर्ष कामाच्या वर्षाशी जुळायला हवे आणि विम्यात नमूद केलेला व्यवसाय तोच असावा. सुतारकामाचा विमा असलेल्या माणसाने नळजोडणी केली असेल तर तो कागद फारसा उपयोगाचा नाही.

तिसरा प्रकार मालकाने स्वतः केलेल्या कामांचा, आणि येथे लोक हमखास गाफील राहतात. स्वतः बांधलेले घर 10 वर्षांच्या आत विकणाऱ्या मालकालाही कायदा बांधकामकर्त्यासारखाच जबाबदार धरतो. परंतु त्याच्याकडे बहुधा विमा नसतो, त्यामुळे दावा जिंकूनही पैसे त्याच्याकडूनच वसूल करावे लागतात. छुप्या दोषांसाठी नागरी संहितेत तरतूद आहे आणि दोष उघड झाल्यापासून 2 वर्षांत दावा करावा लागतो, पण खाजगी विक्रेता करारात ही जबाबदारी सहसा वगळतो. त्याला दोष माहीत होता आणि त्याने तो लपवला, हे सिद्ध झाले तरच ती सवलत गळून पडते. म्हणून कोणते काम कोणी आणि कोणत्या वर्षी केले याची यादी विक्रेत्याकडून लिहून घ्यावी आणि ती प्राथमिक करारातच जोडावी.

सक्तीचे तांत्रिक अहवाल

विक्रेत्याने स्वखर्चाने द्यायच्या अहवालांचा गठ्ठा जाड असतो आणि बहुतेक लोक तो वाचत नाहीत. 1949 पूर्वीच्या घरासाठी शिशाचा, जुलै 1997 पूर्वी परवाना मिळालेल्या इमारतीसाठी ॲस्बेस्टॉसचा, 15 वर्षांहून जुन्या वीज आणि गॅस जोडणीचा, आणि आदेश लागू असलेल्या भागात वाळवीचा अहवाल लागतो. पूर, भूकंप, जमीन खचणे अशा जोखमींचे पत्रक वेगळे. यातील दोन अहवाल मात्र ओळ न ओळ वाचावेत.

एक ऊर्जेचा. घराला ए ते जी अशी श्रेणी मिळते. एफ किंवा जी श्रेणीच्या स्वतंत्र घराच्या विक्रीसाठी एप्रिल 2023 पासून आणि ई श्रेणीसाठी जानेवारी 2025 पासून सविस्तर ऊर्जा-परीक्षणही सक्तीचे आहे. मुख्य घर आणि पाहुणघरे यांचे अहवाल वेगवेगळे मागावेत. नोव्हेंबर 2024 च्या कायद्यानुसार, मालकाचे मुख्य निवासस्थान वगळता, पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांना 1 जानेवारी 2034 पासून किमान डी श्रेणी लागेल, म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे 250 युनिटपेक्षा कमी प्राथमिक ऊर्जा. दगडी भिंतींच्या, थेट विजेवर तापणाऱ्या पाहुणघराला ही रेषा गाठणे सोपे नाही. शिवाय तेलावर चालणारा नवा बॉयलर बसवण्यास जुलै 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे तळघरातील जुना तेल-बॉयलर बंद पडला की पूर्ण व्यवस्था बदलावी लागेल हे हिशेबात धरावे.

दुसरा सांडपाण्याचा. खेड्यात गटारयोजना बहुधा नसते. घराचे सांडपाणी स्वतःच्या टाकीत आणि शोषखड्ड्यात जाते, आणि त्यावर “स्पांक” ही स्थानिक यंत्रणा देखरेख करते. तिचा अहवाल विक्रीच्या वेळी 3 वर्षांपेक्षा जुना चालत नाही, आणि यंत्रणा नियमबाह्य असेल तर खरेदीदाराने वर्षभरात ती सुधारणे बंधनकारक असते. अहवालात टाकीची क्षमता माणशी आकड्यात दिलेली असते. तो आकडा आणि पाहुणघरांतील खाटा शेजारी लिहून पाहाव्यात. मुख्य घरासाठी सहा-सात माणसांच्या हिशेबाने बसवलेल्या टाकीला नंतर तीन पाहुणघरे, म्हणजे ऑगस्टमध्ये आणखी बारा-चौदा माणसे जोडलेली असतील, तर अहवालावर “अनुरूप” असा शिक्का असूनही टाकी पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार करील. झाकण उघडून दाखवा, असे सांगायला लाजू नये.

वारसा-संरक्षण: भीती आणि फायदा

घर स्वतः ऐतिहासिक स्मारक आहे का, हे सरकारी मेरिमे सूचीत घरबसल्या विनामूल्य पाहता येते. 1834 पासून ऐतिहासिक स्मारकांचे महानिरीक्षक असलेल्या लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांचे नाव त्या सूचीला दिले आहे. 31 डिसेंबर 1913 च्या कायद्याने संरक्षणाचे दोन स्तर आखले: वरचा “क्लासे” आणि त्याखालचा “इंस्क्री”. बऱ्याचदा संपूर्ण वास्तू संरक्षित नसते. फक्त दर्शनी भिंती आणि छप्पर, किंवा एखादा जिना किंवा शेकोटीच संरक्षित असते, म्हणून आदेशाचा मूळ मजकूर वाचावा.

स्वतःचे घर संरक्षित नसले तरी गावातील जुने चर्च स्मारक असेल, तर त्याच्या भोवतालच्या संरक्षित पट्ट्यात, जो सहसा 500 मीटर त्रिज्येचा असतो, बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी राज्याच्या वास्तुविशारदाचे मत लागते आणि साध्या पूर्वघोषणेची मुदत एक महिन्यावरून दोन महिन्यांवर जाते. या अधिकाऱ्याबद्दल कुरकूर ऐकू येते ती मुख्यतः प्लास्टिकच्या खिडक्या बसवू पाहणाऱ्यांची. माझ्या मते खरेदीपूर्वी जिल्हा कार्यालयाकडे भेट मागून “आधीच्या मालकाने केलेल्या कामांवर आपल्या काही हरकती आहेत का” एवढे विचारले तरी पुढची कटकट बरीच टळते. फायद्याची बाजू म्हणजे संरक्षित स्मारकाच्या दुरुस्तीचा खर्च ठरावीक अटींवर फ्रान्समधील उत्पन्नातून वजा करता येतो, मात्र त्यासाठी घर 15 वर्षे न विकण्याची हमी द्यावी लागते. संरक्षित नसलेल्या पण मोलाच्या ग्रामीण वास्तूंसाठी 1996 मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या “फोंदासियों द्यू पात्रिम्वान” या संस्थेचे मानचिन्ह मिळू शकते आणि त्यालाही करसवलत जोडलेली आहे.

पाहुणघरांचा हिशेब

स्वतंत्र पाहुणघराला फ्रेंचमध्ये “झीत” म्हणतात. खेड्यांतून होणारे स्थलांतर थांबावे आणि शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे म्हणून 1951 मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात पहिले ग्रामीण झीत सुरू झाले आणि 1955 मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. तारकांऐवजी गव्हाच्या ओंब्या देण्याची त्याची पद्धत आजही चालू आहे. झीत आणि “शांब्र दोत” यांत गल्लत करू नये. शांब्र दोत म्हणजे मालक राहतो त्याच घरातील न्याहारीसह खोल्या, आणि त्यांना जास्तीत जास्त 5 खोल्या आणि एका वेळी 15 पाहुणे अशी मर्यादा आहे. एकाच इमारतीत 15 पेक्षा अधिक पाहुणे झोपवायचे किंवा कोठारात लग्नसमारंभ करायचे म्हटले की सार्वजनिक वापराच्या इमारतींचे अग्निसुरक्षा नियम लागू होतात. “विवाहसोहळ्यांसाठी उत्तम” अशी ओळ जाहिरातीत असली तरी त्याची परवानगी आहे का, हे मेरीत विचारावे. पोहण्याच्या तलावाला कुंपण, गजर, आच्छादन किंवा छत यांपैकी एक प्रमाणित सुरक्षा-साधन 2003 च्या कायद्याने सक्तीचे आहे.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून विक्रेता आरक्षणाचे भरगच्च कॅलेंडर दाखवतो. ते कौतुकाने पाहावे आणि गेल्या 3 वर्षांची करविवरणे मागावीत. खर्चात चादरी धुणे, साफसफाई, इंटरनेट, विमा, गवत कापणे, धुराडी साफ करणे आणि हिवाळ्यात रिकाम्या घरात पाईप गोठू नयेत म्हणून ठेवावे लागणारे किमान तापमान हे सारे येते. चार हेक्टर म्हणजे जवळपास दहा एकर, आणि मे महिन्यात तेथील गवत कोणाची वाट पाहत नाही.

कराचे गणित 2025 च्या उत्पन्नापासून बदलले आहे. सोप्या पद्धतीत, 2025 च्या उत्पन्नासाठी, तारांकित श्रेणी नसलेल्या झीतला वर्षाला 15,000 यूरोंपर्यंतच्या उत्पन्नावर 30 टक्के सरसकट वजावट होती, तर अधिकृत तारांकित श्रेणी असलेल्या झीतला 77,700 यूरोंपर्यंत 50 टक्के. म्हणजे तीन झीत मिळून 40,000 यूरो येत असतील आणि श्रेणी असेल, तर 20,000 वर कर लागेल. श्रेणीच नसेल तर सोपी पद्धत बंद आणि लेखापालासह प्रत्यक्ष खर्चाची पद्धत आली. तारांकनाची मुदत 5 वर्षे असते, म्हणून तारीख पाहावी. प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत इमारतीचा घसारा वजा होतो, पण फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पी कायद्यानंतर तो विक्रीच्या वेळच्या नफ्यात बहुतांशी परत मोजला जातो. अल्पमुदतीच्या भाड्याचे उत्पन्न वर्षाला 23,000 यूरोंच्या वर गेले की सामाजिक सुरक्षा वर्गणीचाही प्रश्न येतो. फ्रान्समध्ये न राहणाऱ्या मालकाला तेथील उत्पन्नावर किमान 20 टक्के दराने प्राप्तिकर लागतो, हेही येथेच लिहून ठेवावे.

कराराचा क्रम

नोतेर म्हणजे आपल्याकडचा शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो राज्याने नियुक्त केलेला कायदेतज्ज्ञ असतो आणि त्याच्याशिवाय मालकी हस्तांतरित होत नाही. विक्रेत्याचा नोतेर असला तरी आपला वेगळा नोतेर नेमता येतो. शुल्क दोघांत वाटले जाते, खर्च वाढत नाही. मग तसे न करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

प्रथम प्राथमिक करार, म्हणजे “कोंप्रोमी”, होतो. त्या वेळी किमतीच्या 5 ते 10 टक्के रक्कम नोतेरच्या खात्यात ठेवली जाते. कराराची प्रत हाती आल्यानंतर 10 दिवसांत कोणतेही कारण न देता खरेदीदाराला माघार घेता येते आणि पूर्ण रक्कम परत मिळते. विक्रेत्याला हा हक्क नाही, आणि कंपनीच्या नावाने खरेदी केल्यास तो आपल्यालाही मिळेलच असे नाही. या दहा दिवसांवर विसंबून सही करण्यापेक्षा अटी आधीच लिहून घेणे श्रेयस्कर. कर्ज मंजूर न झाल्यास, पाहुणघराच्या परवान्यात त्रुटी निघाल्यास, किंवा शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क उघड झाल्यास व्यवहार रद्द होईल, अशा अटी लागू पडतील तशा घालाव्यात. पुढील हंगामाची आरक्षणे आणि त्यांच्या आगाऊ रकमा कोणाकडे जातील, हेही येथेच ठरते.

त्यानंतरचे दोन-तीन महिने नोतेर तपासण्या करतो. शेतजमिनीच्या व्यवहारात “साफेर” या ग्रामीण भूसंस्थेला अग्रक्रमाने खरेदीचा हक्क असून उत्तरासाठी तिला 2 महिने मिळतात. बहुतेक वेळा ती नकार कळवते, पण तिच्या उत्तराआधी सामान हलवण्याची तारीख ठरवू नये.

भारतातून खरेदी करणाऱ्यांसाठी

परदेशी नागरिकाला फ्रान्समध्ये घर घेण्यास बंदी नाही, पण घर घेतल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. दीर्घ मुदतीचा “अभ्यागत” व्हिसा काम न करण्याच्या हमीवर मिळतो, त्यामुळे तेथे राहून झीत चालवायचे असतील तर व्यवसायाशी संबंधित परवाना लागेल. हे घर घेण्याआधी ठरवावे.

भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात, आणि कुटुंबातील सदस्यांना अटी पाळून आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. वर्षाला 10 लाख रुपयांच्या पुढील अशा रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ गोळा करते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशी मालमत्ता भारतीय विवरणपत्रात दरवर्षी दाखवणे बंधनकारक आहे. नोतेर पैशाचा स्रोत विचारतोच, त्यामुळे बँकेची पत्रे हाताशी ठेवावीत. जन्म आणि विवाहाचे मराठीतील दाखले ॲपोस्टिल करून शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंचमध्ये करून घ्यावे लागतात, आणि त्याला वाटते त्यापेक्षा जास्त आठवडे लागतात.

मालकी कोणाच्या नावे, हा प्रश्न शेवटी ढकलू नये. फ्रेंच वारसा कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो: एक मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास दोन-तृतीयांश, तीन किंवा अधिक असल्यास तीन-चतुर्थांश. म्हणून पती-पत्नींनी संयुक्तपणे घेताना मृत्युपत्राबाबत नोतेरशी आधीच बोलावे. “एससीआय” ही खाजगी मालमत्ता-कंपनी त्यासाठी सुचवली जाते, परंतु सामानासह अल्पमुदतीचे भाडे हा व्यापारी व्यवहार धरला जात असल्याने त्या कंपनीला कंपनी-कर लागू होतो. झीत असलेल्या घरासाठी ही सोय बऱ्याचदा गैरसोय ठरते.

सहीचा दिवस

अंतिम कराराच्या सकाळी घराची शेवटची फेरी मारावी. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे टिपावेत, तेलाच्या टाकीतील पातळी पाहावी, यादीतील सामान जागेवर आहे का ते मोजावे. त्याच दिवसापासूनचा घरविमा आधीच उतरवलेला असावा. फ्रेंच येत नसेल तर नोतेर दुभाष्याची मागणी करतो, कारण करार मोठ्याने वाचला जातो आणि तो आपल्याला समजला पाहिजे.

सही झाल्यावर विक्रेत्याला एक तास मागून घ्यावा आणि वही घेऊन त्याच्यासोबत पुन्हा घरात फिरावे. मुख्य पाण्याची चावी कोणत्या दगडाखाली आहे, कोणत्या पाहुणघराचे फ्यूज मुख्य घरातून जातात, कोणता दरवाजा ओल्या महिन्यांत फुगतो, हे कोणत्याही अहवालात नसते. आमच्या ओळखीच्या कुटुंबाला असे फिरतानाच कळले की, दक्षिणेकडील धुराड्यात दर वसंतात शूका नावाचे, कावळ्याच्या कुळातील पक्षी काड्यांचे घरटे भरतात. ते पक्षी संरक्षित असल्यामुळे एकदा घरटे झाले की त्याला हात लावता येत नाही, म्हणून जाळी फेब्रुवारीतच बसवायची.